प्रश्न तुमचे : शुक्राच्या पोटात काय आहे?

मागच्या अंकात शुक्राच्या चांदणीवर मी पानभर लिहिलं आणि उत्तरादाखल पत्रांची पिशवी आली. गंमत अशी की एकाही पत्रात चांदणीबद्दल विचारणा नाही, सगळ्यांना तिच्या पोटातलं हवंय. माझं काही बिघडत नाही. मी दुर्बिणीची माणूस नव्हेच. एकतीस वर्षं ग्रॅव्हिमीटर नावाचं थर्मासएवढं यंत्र लहान मुलासारखं मांडीवर घेऊन जीपमधून दख्खनभर हिंडले. बांधाबांधावर लोक विचारायचे, "बाई, सोनं काढता का?" नाही म्हटलं की त्यांचा संशय पक्का व्हायचा. तेव्हा उत्तरं त्या जीपमधूनच येतील, हे आधी सांगून ठेवते.

प्रश्न : शुक्र कायम ढगांखाली असतो असं तुम्हीच लिहिलंत. मग तिथे जिवंत ज्वालामुखी 'दिसला' ही बातमी कशी? वर्तमानपत्रात आलेला केशरी डोंगराचा फोटो खरा आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

उत्तर : फोटोचं आधी. तो केशरी डोंगर माझ्याही भिंतीवर होता आणि नातू तिथे ट्रेकला जायची तयारी करत होता. तो मात मॉन्स, शुक्रावरचा एक ज्वालामुखी. उंची साधारण ८ किलोमीटर, पण पायथा शेकडो किलोमीटर पसरलेला, म्हणजे चढण आपल्या घाटरस्त्यांहून सौम्यच. चित्र करणाऱ्यांनी त्याला उभ्या अंगाने कित्येक पट ताणलंय. केशरी रंग त्या डोंगराचा नाही. व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी १९८२ मध्ये शुक्राच्या जमिनीवरून चित्रं पाठवली होती, त्यांच्यावरून तो दिलाय. खरी आहे ती खालची नोंद, आणि ती रडारची आहे.

मॅगेलन हे यान मे १९८९ मध्ये अटलांटिस शटलमधून निघालं आणि १० ऑगस्ट १९९० ला शुक्राभोवती फिरू लागलं. गरिबाघरच्या लग्नासारखी त्याची तयारी होती. मोठी अँटेनासुद्धा व्हॉयेजरसाठी बनवलेली, जादाची उरलेली. त्याच अँटेनातून १२.६ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी खाली तिरक्या सोडायच्या. या लहरींना ढग आडवे येत नाहीत. परत येतं ते टिपायचं आणि मग तीच अँटेना पृथ्वीकडे वळवून सगळं इकडे पाठवायचं. गुळगुळीत जमीन तिरक्या लहरी पलीकडे उडवून लावते, म्हणून ती काळी दिसते. खडबडीत जमीन थोड्या लहरी परत देते, ती पांढरी. शेणाने सारवलेलं अंगण काळं आणि शेजारचा खडीचा ढीग पांढराशुभ्र, असं रडारचं जग असतं. त्यात उजेड-अंधाराचा संबंध नाही. हे एकदा डोक्यात बसलं की शुक्राची चित्रं वाचता येतात.

एका फेरीत साधारण २० किलोमीटर रुंदीची आणि हजारो किलोमीटर लांबीची एक पट्टी मिळायची. त्या चमूतले लोक तिला नूडल म्हणत. मी शेवई म्हणते. अशा शेवया एकमेकींशेजारी लावून त्यांनी ग्रहाचा ९८ टक्के पृष्ठभाग झाकला आणि काही भागांवरून दोन-तीनदा गेले.

बातमीचा जीव या दोनदा जाण्यात आहे. अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक मॅगेलनची जुनी चित्रं शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडत बसले. सुमारे २०० तास. मात मॉन्सच्या परिसरात एक मुख त्यांना सापडलं. फेब्रुवारी १९९१ च्या चित्रात ते जवळपास गोल, क्षेत्रफळ २ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. ऑक्टोबर १९९१ च्या चित्रात तेच मुख वेडंवाकडं, आकाराने जवळजवळ दुप्पट आणि काठोकाठ भरल्यासारखं. मॅगेलनच्या चित्रातला एक ठिपका ७५ मीटरचा. म्हणजे पहिल्या चित्रातलं ते गोल मुख उणेपुरे बावीस ठिपके रुंद. एवढ्यावर जग हलवायचं!

अडचण अशी की पहिलं चित्र डावीकडून घेतलेलं आणि दुसरं उजवीकडून. खड्डा तोच, पण बाजू बदलली की सावल्यांचा सगळा नूर बदलतो. म्हणून जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या स्कॉट हेन्सली यांनी संगणकात निरनिराळ्या आकारांची मुखं बनवली आणि दोन्ही बाजूंनी रडारचं चित्र कसं आलं असतं ते काढून पाहिलं. आकार खरोखर बदलल्याशिवाय दुसरं चित्र जुळेना. मार्च २०२३ मध्ये निबंध आला. उतारावर नवा लाव्हाही दिसतो, पण तो आधीपासून असून पहिल्या कोनातून न दिसण्याची शक्यता त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. मला तो परिच्छेद सगळ्यात आवडला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या एका गटाने सिफ मॉन्सच्या उतारावर आणि नायोबी मैदानात १९९० ते १९९२ च्या दरम्यान जमीन बदलल्याचं दाखवलं. नोंदी त्याच, मॅगेलनच्या.

म्हणजे शुक्र जिवंत असल्याचा पुरावा तीसेक वर्षं कपाटात होता. मी ज्या कार्यालयात काम केलं तिथे एकदा साफसफाईत जुन्या फील्डबुकांची रद्दी निघाली. ट्रक भरण्याआधी मी आठ वह्या पिशवीत घातल्या. त्यातली एक आजही कपड्यांच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांसकट. मॅगेलनच्या नोंदी कुणी रद्दीत घातल्या नाहीत याचं मला हेरिक यांच्या शोधाइतकंच अप्रूप आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून सांगतो, दोनशे फुटांवर पाणी. दहातले चार बोअर कोरडे जातात. तुमचे लोक कोट्यवधी किलोमीटरवरून ग्रहाचा गाभा सांगतात. बाई, तुमचा नारळ कुठला? (बोअरवेल व्यावसायिक, बार्शी)

उत्तर : यंदाच्या पत्रांतला हा सगळ्यात चांगला प्रश्न. आमचा नारळ म्हणजे यान.

माझ्या ग्रॅव्हिमीटरमध्ये एका नाजूक स्प्रिंगला वजन टांगलेलं असायचं. खाली जड खडक असला की वजन केसभर जास्त ओढलं जायचं, हलका असला की कमी. आपल्याला जाणवणाऱ्या ओढीत दहा लाखांत एक भाग फरक पडला तरी काटा सांगायचा. कक्षेत फिरणाऱ्या यानाला स्प्रिंग लागत नाही, कारण ते स्वतःच टांगलेलं वजन आहे. खाली जास्त वस्तुमान असलं तर त्याच्याकडे जाताना यानाचा वेग किंचित वाढतो, ओलांडून गेल्यावर किंचित कमी होतो. हा वेग आपण पृथ्वीवरून मोजतो, यानाच्या रेडिओ संदेशाची वारंवारता किती सरकली त्यावरून. द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या हातातली बंदूक तुमच्या गाडीचा वेग ज्या तत्त्वाने पकडते तेच तत्त्व. फक्त इथे सेकंदाला मिलिमीटरच्याही अंशाचा हिशेब असतो.

मॅगेलनची कक्षा लांबट होती. जवळ असताना ३०० किलोमीटरवर, लांब गेलं की ८५०० वर. लांबून बारीक खाचाखोचा कळत नाहीत. कक्षा गोल करायला इंधन पुरेसं नव्हतं, म्हणून १९९३ च्या उन्हाळ्यात त्यांनी सत्तरेक दिवस यान दर फेरीला वातावरणाच्या वरच्या थरात बुडवून काढलं, हवेच्या घर्षणाने वेग मारला आणि कक्षा जवळपास गोल करून घेतली. दुसऱ्या ग्रहावर हा उद्योग आधी कुणी केला नव्हता. मग गुरुत्वाचा नकाशा सुधारला.

आता नकाशा वाचायचा कसा, याचा धडा आपल्याच देशात लिहिला गेला. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली भारताची मोजणी चालली होती. मुझफ्फरनगरजवळचं कलियाना आणि माळव्यातलं कल्याणपूर या दोन ठिकाणांतलं अंतर साखळीने आणि ताऱ्यांवरून असं दोन रीतींनी काढलं, तर ५.२३६ कोनीय सेकंदांचा (एका अंशाचे ३६०० कोनीय सेकंद) फरक येत होता. ताऱ्यांवरून मोजताना सरळ खाली कुठे ते ओळंबा सांगतो, आणि ओळंबा हिमालयाकडे ओढला जातो, हे उघड होतं. कलकत्त्यात आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ अधिकारी, असलेले गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाचं वजन धरून हिशेब केला, तर फरक १५.८८५ सेकंद यायला हवा होता. एवढा मोठा डोंगर, आणि ओढ एक तृतीयांशच! लगेच १८५५ मध्ये इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं की डोंगराला खाली हलक्या खडकाचं मूळ असतं, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखं. वरची भर आणि खालची तूट एकमेकींना खातात.

हाच हिशेब शुक्रावर लावा. ओव्हदा नावाचं पठार उंच आहे, पण ओढ फारशी नाही. म्हणजे खाली जाड कवच, हलकं मूळ. ते थालीपीठ. अ‍ॅटला आणि बीटा हे उंचवटे मात्र भरपूर ओढतात, त्यांना तोलणारी तूट दीडशे-दोनशे किलोमीटर खोल असावी लागते. इतक्या खोल कवच नसतं. तिथे गरम प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, खालून वर येतंय आणि जमिनीला उचलून धरतंय, असा अर्थ लागतो. ही फुगलेली भाकरी. मात मॉन्स, ज्याचं मुख आठ महिन्यांत बदललं, ते याच अ‍ॅटलावर आहे. खालचा नकाशा एका यंत्राचा, वरचं चित्र दुसऱ्याचं, आणि दोन्ही एकाच जागी बोट ठेवतात. माझ्यासारखीला असं काही दिसलं की चहा गार होतो.

राहिला गाभा. रत्नागिरीच्या बाजारात आंबा दाबून पाहिला की बागायतदार ओरडतो, पण दाबल्याशिवाय आतलं कळत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. शुक्राला सूर्य दाबतो. सूर्याच्या ओढीने ग्रहाला किंचित भरती येते, अख्खा खडकाळ गोळा थोडा लांबट होतो, आणि त्यामुळे बदललेली ओढ यानाच्या वेगात उमटते. ग्रह किती बधला हे सांगणारा एक अंक असतो, लव्ह अंक. लव्ह हे ऑगस्टस लव्ह या गणितज्ञांचं आडनाव आहे. मॅगेलन आणि त्याआधीचं पायोनिअर व्हीनस या दोन यानांच्या नोंदींतून १९९६ मध्ये तो ०.२९५ आला. लोखंडी गाभा पूर्ण घट्ट असता तर आकडा ०.१७ च्या आसपास यायला हवा होता. म्हणून गाभा, निदान त्याचा बराच भाग, द्रव असावा.

'असावा' हा शब्द मुद्दाम घातलाय, आणि इथे तुमच्या पाणाड्याशी माझं नातं जुळतं. त्या ०.२९५ च्या मागेपुढे ०.०६६ ची अनिश्चितता आहे. शिवाय प्रावरणच मऊ असेल तरी आंबा बधतो. गुरुत्वाचा तर मूळचाच खोडसाळपणा असा की उथळ जागचा छोटा जड खडक आणि खोल जागचा मोठा जड खडक वरून सारखेच भासू शकतात. सोलापूर जिल्ह्यात एका ठिकाणी मी अहवालात बेसाल्ट सहाशे मीटर जाड म्हणून लिहिलं होतं. ड्रिलिंगवाल्यांना निम्म्यातच ग्रॅनाइट लागला. खालचा ग्रॅनाइट मी धरला होता त्याहून जड होता, चूक सर्वस्वी माझी. संध्याकाळी त्यांचा फोरमन मला म्हणाला, "मॅडम, नारळ आणू का?" म्हणून तुमचं पत्र वाचून मी हसले.

पृथ्वीवर निदान भोक पाडून खात्री करता येते. कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विवर घेतलं, त्यात सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि खाली ग्रॅनाइट-नाइस निघाला. शुक्रावर भोक सोडा, भूकंपमापीसुद्धा टिकत नाही. तिथे तापमान ४६५ अंश आणि दाब आपल्या ९० पटींहून जास्त. व्हेनेरा १३ ने १२७ मिनिटं काढली, आणि तो पराक्रम होता.

तरी आमच्या नारळाची परीक्षा एकदा झालीय, मंगळावर. २००३ मध्ये कक्षेतल्या यानाच्या वेगावरून सांगितलं गेलं की मंगळाचा गाभा द्रव आहे आणि त्रिज्या १५२० ते १८४० किलोमीटर. पुढे इनसाइट यान भूकंपमापी घेऊन तिथे उतरलं. २०२१ मध्ये त्याने द्रव गाभा पक्का केला, त्रिज्या १८३० च्या आसपास. दोन वर्षांनी कळलं की गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर आहे आणि त्यालाच गाभा समजलं गेलं होतं. त्रिज्या १६५०-१६७५ वर आली. कक्षेतून सांगितलेल्या मर्यादेच्या आतच सगळी भांडणं झाली, हे लक्षात घ्या. दहातले चार कोरडे, हा हिशेब इथे लागू नाही. पण बोअर ओलं लागेपर्यंत पेढे वाटू नयेत, एवढं मान्य.

प्रश्न : शुक्रावरच्या डोंगरांना नावं कोण देतं? आपलं कुणाचं नाव आहे का? (सातवीतली वाचक, कुडाळ)

उत्तर : आंतरराष्ट्रीय खगोल संघ देतो. शुक्रावर जवळपास सगळी नावं बायकांची आणि देवतांची आहेत. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल हा एकटाच पुरुष तिथे ११ किलोमीटर उंचीचा सर्वोच्च डोंगर होऊन बसलाय, कारण त्याचं नाव नियमाच्या आधीच पडलं होतं. मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं. त्यात एक जोशी नावाचं, सुमारे ३४ किलोमीटर रुंद. त्या आपल्या आनंदीबाई, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झालेल्या. एक मेधावी, म्हणजे पंडिता रमाबाई. आणि एक झिराड, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड, आपल्या बेने इस्राएली समाजातल्या. ही विवरं उल्का आदळून झालेली आहेत, ज्वालामुखीची नव्हेत. शाळेच्या नकाशावर शोधून दाखव आणि मला कळव.

प्रश्न : ज्वालामुखी चालू असतील तर उष्णता किंवा धूर दिसायला नको? (प्राध्यापिका, परभणी)

उत्तर : दोन्ही शोधलंय, दोन्हीकडे अर्धं उत्तर मिळालंय. शुक्राची हवा बहुतेक प्रकाशाला भिंत आहे, पण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरलांबीच्या आसपास, डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडे, तिला फटी आहेत. रात्रीच्या बाजूला तापलेल्या जमिनीची धग त्या फटींतून वर येते. व्हीनस एक्सप्रेस या युरोपीय यानाने २००६ पासून ती टिपली. इमद्र, थेमिस, डायोनी या उंचवट्यांवरचे लाव्हा आजूबाजूपेक्षा जास्त धग देतात असं २०१० मध्ये दिसलं. ते जास्त गरम आहेत असं नव्हे. ताज्या बेसाल्टवर तिथल्या आम्लट हवेचा गंज अजून चढलेला नाही, म्हणून तो धग मोकळेपणी सोडतो. वय काढलं ते २५ लाख वर्षांच्या आत, बहुधा अडीच लाखांच्याही. नव्याकोऱ्या तव्याचा आणि वापरून राप चढलेल्या तव्याचा फरक तुम्हाला सांगायला नको. पुढे प्रयोगशाळेत बेसाल्टमधलं ऑलिव्हीन हे खनिज तापवून पाहिलं तर त्यावरचा गंज काही दिवसांतच चढू लागला. तसं असेल तर ते लाव्हा अगदी कालपरवाचेही असू शकतात. लाखो वर्षं की काही वर्षं, इतकी मोठी फट एका गंजाने पाडली!

धुराचं म्हणाल तर सल्फर डायऑक्साइड. १९७८ मध्ये पायोनिअर व्हीनस पोचलं तेव्हा ढगांच्या वर तो भरपूर होता आणि पुढच्या काही वर्षांत दहा पटींनी घटला. मोठा उद्रेक होऊन गेला, असं त्या वेळी लॅरी एस्पोसिटो यांनी सुचवलं. व्हीनस एक्सप्रेसच्या काळातही असाच चढउतार दिसला. पण खालची हवा वर ढवळली गेली तरी हेच होईल. चुलीवर काही नवीन टाकलं की नुसता भात ढवळला, हे वासावरून सांगायचं आहे. मी यावर पैज लावणार नाही.

प्रश्न : मूळची नाशिकची. इथल्या एका व्याख्यानात शुक्राची मैदानं लाव्हाची आहेत असं ऐकलं आणि घर आठवलं. ते दख्खनच का हो? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : घर आठवणं साहजिक आहे. सोव्हिएत यानं जिथे उतरली त्यातल्या बहुतेक ठिकाणी खडक बेसाल्टच्या जातकुळीचा निघाला, म्हणजे तुमच्या आजोळच्या पाटा-वरवंट्याचाच चुलतभाऊ. पातळ, दूरवर वाहत जाणारा लाव्हा दोन्हीकडे. आपला लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यातले काही थर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे हजारेक किलोमीटर, वाहत गेल्याचं काही अभ्यासक मानतात. शुक्रावर बाल्टिस नावाची एकच लाव्हाने कोरलेली नाळ ६८०० किलोमीटर लांब आहे. नाईलपेक्षा मोठी, आणि रुंदी जेमतेम एक ते तीन किलोमीटर. धुळे-नंदुरबारकडे जमिनीच्या भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या भिंती मैलोन्‌मैल उभ्या आहेत. त्यांच्यासारख्या भेगांचे पंखेच्या पंखे तिथे ज्वालामुखींभोवती पसरलेत.

फरक पावसाचा. दख्खनची मूळ पाठ आपल्याला दिसतच नाही. पावसाने ती धुऊन नेली, उरल्या त्या सह्याद्रीच्या पायऱ्या. शुक्रावर पाणी नाही, त्यामुळे जुना लाव्हाही काल सांडल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच त्याचं वय कळत नाही. मोजायला हाताशी फक्त उल्कांची विवरं. साऱ्या ग्रहावर ती हजाराच्या आत आहेत आणि शिंपडल्यासारखी सर्वत्र सारखी. यावरून पृष्ठभागाचं सरासरी वय काही शे दशलक्ष वर्षं येतं, ग्रहाच्या वयाच्या मानाने पोरसवदा. एक पक्ष म्हणतो, साऱ्या ग्रहावर एकदाच लाव्हाचा पूर आला आणि जुनं सगळं बुडालं. दुसरा म्हणतो, गोधडीला ठिगळं लावावीत तसं इथे थोडं, तिथे थोडं, सतत चालू आहे. १९९० च्या दशकात भांडण तापलं होतं तेव्हा मी पहिल्या पक्षात होते. पूर समजायला सोपा असतो. आता माझा कल गोधडीकडे आहे.

प्रश्न : शुक्रावर १२३६ कोटी? शेतकऱ्याला काय त्याचं? (वाचक, यवतमाळ)

उत्तर : आकडा बरोबर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या शुक्र मोहिमेला तेवढीच रक्कम मंजूर केली, उड्डाण मार्च २०२८ ला धरलंय. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळेल असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. त्याचे पैसे त्याला का मिळत नाहीत याची कारणं दुसऱ्या पानांवर शोधा, ती शुक्रावर नाहीत.

माझा स्वार्थ मात्र सांगते. हे यान रडार घेऊन जाणार आहे. नासाचं व्हेरिटास आणि युरोपचं एन्व्हिजन २०३१ किंवा त्यानंतर निघतील. व्हेरिटास एकाच जागेवरून दोनदा जाऊन लहरींचा ताल ताडेल. त्यात जमीन दोन-चार सेंटीमीटर फुगली तरी कळतं, मग मुख दुप्पट व्हायची वाट पाहावी लागत नाही. एन्व्हिजन जमिनीच्या आत काहीशे मीटर लहरी घुसवेल, थरावर थर आहेत का पाहायला. आणि यानांचे वेग अचूक मोजले की तो लव्ह अंक पक्का होईल, द्रव की घट्ट याचा निकाल लागेल. तेव्हा मी ऐंशीच्या पुढे असेन. सून म्हणते, मग काय झालं, वाचून दाखवू.

दुरुस्ती : मागच्या लेखात मी लिहिलं होतं की शुक्रावर एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत २४३ दिवस लागतात. मिरजेच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर गणित मांडून चूक दाखवली. त्यांचं बरोबर आहे. २४३ दिवस ही ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवतीची एक फेरी. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे सूर्य लवकर परततो आणि दिवस पडतो ११७ पृथ्वीदिवसांचा.

त्यांनी पुढे विचारलंय की ही २४३ दिवसांची फेरी तरी पक्की आहे का. तीही नाही. व्हीनस एक्सप्रेसने पाहिलं तेव्हा मॅगेलनच्या हिशेबाने जिथे हव्यात तिथून काही खुणा २० किलोमीटरपर्यंत सरकलेल्या निघाल्या. पृथ्वीवरून कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या तबकडीने रडार सोडून पंधराएक वर्षं मोजत राहिलेल्या गटाने २०२१ मध्ये सांगितलं की फेरीचा काळ वीसेक मिनिटांनी कमीजास्त होतो. इतकी जड हवा त्या ग्रहावर वाहते की ती जमिनीला पुढेमागे ढकलते. त्याच मोजणीतून अक्ष किती हळू डोलतो ते कळलं, आणि त्यावरून गाभ्याची त्रिज्या आली ३५०० किलोमीटर, चूक इकडेतिकडे ५०० ची. पोस्टकार्डावर जागा उरली नव्हती, म्हणून शेवटची ओळ त्यांनी पत्त्याच्या बाजूला लिहिलीय : "५०० म्हणजे फार होतात." होतात खरे.